ब्रेक लावल्यावर लागणाऱ्या अंतरात वस्तुमान कटतं, मग भरलेली गाडी लवकर का थांबत नाही?

तुझा प्रश्न असा आहे की, अकरावीच्या गणितात थांबण्याचं अंतर काढताना वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जातं, तरी भरलेली गाडी आवरत नाही असं सगळे ड्रायव्हर का सांगतात; सूत्र चुकतंय की ड्रायव्हर?

दोघंही बरोबर आहेत. वस्तुमान कटतं ते एका अटीवर. गाडीचं जेवढं वजन रस्त्यावर टेकलंय, ते सगळंच्या सगळं ब्रेक लागणाऱ्या चाकांवर असलं पाहिजे. मग वजन दुप्पट झालं की घर्षणाचं बलही दुप्पट होतं, आणि त्वरण आहे तेवढंच राहतं. ही अट मला वर्गात कोणी सांगितली नाही. मी सरांना तुझाच प्रश्न विचारला होता, तेव्हा "कटतंय ना, मग झालं" एवढंच उत्तर मिळालं. अट कळली ती उसाच्या ट्रॉलीवर, आणि त्या रात्रीचं बोलणं मी आजही ऐकतो.

२०१० चा जानेवारी. बारावी होऊन मी घरीच होतो. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. चुलत्यांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, नवा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर घेतला होता आणि हंगामाला कारखान्याकडे लावला होता. मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर गावाला गेला म्हणून चार दिवस मी चालवत होतो. वाहतुकीचे पैसे टनावर, त्यामुळे ट्रॉलीच्या वर माणूसभर उंच ऊस रचून दोर आवळायचे ही सगळ्यांचीच रीत. तात्यांना त्या ट्रॅक्टरच्या ऑईल ब्रेकचं, म्हणजे तेलात बुडालेल्या चकत्यांच्या ब्रेकचं, फार कौतुक. येईल त्याला सांगायचे, "जाग्याव हुबा ऱ्हातोय."

रात्री साडेनऊच्या सुमारास फडातून निघालो. रस्ता ओढ्याकडे उतरतो, खाली अरुंद पूल, पलीकडे चढ. वेग वीसच्या आसपास. न्यूट्रल मारला नव्हता. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकचे पेडल वेगळे असतात; ते दोन्ही पट्टीनं जोडलेले होते, ते मी निघतानाच बघितलं होतं. उताराच्या मधल्या बाभळीपाशी आलो आणि दिसलं की पुलावर उसाची बैलगाडी चढतेय. गाडीला दिवा नव्हता, बैलांचे डोळे चमकले तेवढंच.

मी क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबले. मागची मोठी चाकं तिथल्या तिथं बसली, फिरायची थांबली. आणि ट्रॅक्टर चालतच राहिला. चाकं फिरत नाहीत, टायर किंचाळतोय, आणि मागून कोणीतरी सावकाश, न थांबता ढकलतंय. जुने ड्रायव्हर "ट्रॉली ढकलती" म्हणतात ते हेच. पुलाच्या तोंडाशी मी स्टेअरिंग डावीकडे ओढलं. पुढचं चाक बांधावर चढलं, ॲक्सल मोडला, पहिली ट्रॉली ओढ्याच्या कडेला आडवी झाली. गाडीवान आणि बैल वाचले, मलाही फक्त हनुवटीला टाके पडले. पण त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो.

तात्या बॅटरी घेऊन आले. ट्रॅक्टर बघितला, ऊस बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरानं भिऊन ब्रेकच दाबला न्हाई. एवढं भारी ब्रेक हायती, थांबला नसता व्हय?" तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेला हेच ऐकतोय.

आता गणित कर. सांडलेला ऊस दुसऱ्या दिवशी काट्यावर साडेसतरा टन भरला. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन, ट्रॅक्टर सव्वादोन. एकूण २४ टनांच्या जवळ, म्हणजे २४,००० किलो वस्तुमान थांबवायचं होतं. ब्रेक किती चाकांना? दोन. फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना ब्रेकच नव्हते. त्या दोन चाकांवर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आणि पहिल्या ट्रॉलीचा हुकावर येणारा भार मिळून फार तर तीन टन. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.६ धर. ३,००० गुणिले ९.८ गुणिले ०.६, म्हणजे साधारण १८,००० न्यूटन. यापेक्षा जास्त बल त्या रस्त्याकडून मिळूच शकत नव्हतं. पायात कितीही जोर असता तरी नाही.

सपाटीवर १८,००० भागिले २४,०००, म्हणजे मंदन ०.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी वीस म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. थांबायला वीस मीटर लागतात. हीच सगळी वरात प्रत्येक चाकाला ब्रेक असता तर तीन मीटरच्या आत थांबली असती. तुझ्या पुस्तकातलं उत्तर ते तीन मीटरचं आहे.

पण तिथं सपाटी नव्हती. वीस मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता. २४ टनांना तो उतार जवळजवळ १२,००० न्यूटनांनी खाली ओढत होता. माझ्या अठरा हजारांतले बारा हजार त्यातच गेले, उरले सहा. सहा हजार भागिले चोवीस हजार, पाव मीटर प्रति सेकंद वर्ग. थांबायला साठ मीटर. बाभळीपासून पूल पंचवीस मीटरवर आहे, मी नंतर टेपनं मोजलाय.

म्हणून ऑईल ब्रेकचं कौतुक मला पटत नाही. ब्रेक चांगला म्हणजे तो चाक थांबवू शकतो, बस. गाडी थांबवतो रस्ता, टायरला धरून. चाक एकदा घासायला लागलं की त्यापुढे ब्रेक दुप्पट ताकदीचा बसवला तरी बलात एका न्यूटनाची भर पडत नाही. वस्तुमान मात्र मोळीमोळीनं वाढत जातं. आणि इंजिनाचा ब्रेकही त्याच दोन चाकांतून येतो, त्यामुळे "गिअरमध्ये ठेवायचा होता" हे बोलणंही फुकट आहे. लो गिअरचा उपयोग एवढाच की उताराला लागण्याआधीच वेग कमी असतो. तो उपयोग मोठा आहे, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. दहाच्या वेगानं उतरलो असतो तर पंधरा मीटरमध्ये थांबलो असतो. ती माझी चूक, आणि ती मी त्या रात्रीपासून मान्य करतोय.

माझं स्पष्ट मत आहे की ब्रेक नसलेली दुसरी ट्रॉली रस्त्यावर आणूच नये. पुढच्या गाडीनं वेग कमी केला की ट्रॉली हुकावर दाबते आणि त्या दाबानंच तिचे ब्रेक लागतात, अशी साधी रचना असते. ट्रॉलीचं वजन मग ट्रॉलीच्याच कामी येतं. खर्च येतो. मोडलेल्या ॲक्सललाही आला होता.

आता सूट देऊन सांगतो. मी चाकांचा फिरताना होणारा विरोध धरला नाही. दोन ट्रॉल्यांचा मिळून चारेक हजार न्यूटन तरी असेल, तो मदतच करतो. तो धरला तर साठाचे छत्तीस मीटर होतात. तरी पंचवीसमध्ये बसत नाही. रस्त्यावर पाचट किंवा चिखल असेल तर ०.६ विसर, निम्मंही मिळत नाही. आणि ट्रकचं प्रकरण वेगळं आहे. त्याला सगळ्या चाकांना ब्रेक असतात, म्हणून एकदाच दाबला तर भरलेला ट्रकही तुझ्या सूत्राजवळ येतो. रिकामा ट्रक उलट चाकं लॉक होऊन घसरू शकतो. भरलेला ट्रक घाटात फसतो तो ड्रम तापून. तिथं मुद्दा बलापेक्षा उष्णतेचा आहे, तो वेगळा प्रश्न म्हणून विचार.

परीक्षेत सूत्र लिहिण्याआधी गाडीचं चित्र काढ आणि कुठल्या चाकाला ब्रेक आहे ते खुणेनं दाखव. बल त्या चाकांवरच्या वजनावरून काढ, वस्तुमान मात्र हुकाला जोडलेलं सगळं घे.

आणि तात्या, तुमचा नातू हे तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून लिहितो. बाभळीपासून पुलापर्यंत डांबरावर दोन काळे पट्टे होते. तुम्ही बॅटरी मारून ते बघितले होते, आणि त्यांच्या मधोमध उभे राहून म्हणाला होतात की पोरानं ब्रेक दाबला नाही.