योम किप्पूरची रजा: आदली संध्याकाळही लेखी मागा

तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग वर आला. योम किप्पूरची, म्हणजे आपल्या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या आणि उपासाच्या दिवसाची, सोमवार २१ सप्टेंबर २०२६ची रजा मंजूर, पण रविवारी रात्री नऊपर्यंत पाळी, आणि साहेब म्हणतात, "सण सोमवारी आहे ना?" मलाही हेच ऐकवलं होतं. आमच्या आस्थापना विभागाने कॅलेंडरवर बोट ठेवलं: तारीख एकच छापली आहे. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हे तोंडी सांगितलं, लिहून दिलं, उपयोग शून्य. इकडे सिनेगॉगमध्ये (आपल्या प्रार्थनास्थळात) कोल निद्रे, म्हणजे योम किप्पूरची सुरुवातीची प्रार्थना, चालू आणि मी फायली लावत बसलेले. उपासाआधीचं जेवणही गेलं, म्हणजे पंचवीस तासांचा उपास दुपारच्या डब्यापासूनच सुरू झाला. ती कोल निद्रे हुकल्याचं मला अजून लागतं.

गेल्या वर्षी, २०२५ला, योम किप्पूर २ ऑक्टोबरला होता आणि त्याच दिवशी गांधी जयंती आणि दसरा दोन्ही आले, म्हणून कुणाला रजा मागावीच लागली नाही. यंदा मागावी लागेल. अर्जात "योम किप्पूर" एवढंच लिहू नका. "रविवार २० तारखेला दुपारी चारपासून सोमवारी रात्री आठपर्यंत" असं लिहा. सिनेगॉगच्या कमिटीचं पत्र जोडा, बदल्यात दिवाळीची पाळी देऊ करा. २०१६ साली महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा उल्लेख जरूर करा. त्याने रजेचा हक्क मिळतो असं मी म्हणत नाही, मी वकील नाही. पण माझ्या मते त्या एका ओळीने समोरचा अर्ज नीट वाचतो.

चहा आठवडाभर आधीपासून कमी करत या, डोकं कमी दुखेल. आदल्या जेवणात लोणचं-पापड नको. मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांचं आणि हजानचं (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याचं) ऐका. जीव वाचवणं उपासाच्या वर आहे, हा धर्माचाच नियम आहे.

आणि साहेबांशी कडाक्याचं भांडण झालं असेल तर रविवारच्या आत मिटवा. माणसाचं मन दुखावलं असेल तर आधी त्याचीच माफी मागावी लागते, मिश्नात, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, स्पष्ट आहे. चूक त्यांचीच असली तरी आपण काय बोललो ते आपलं.

शिल्लक असेल तर २२ची रजाही टाका. दारफाळणीच्या, म्हणजे आपण बेने इस्रायली योम किप्पूरला म्हणतो त्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी, ज्याला शिळा सण म्हणतात, दानधर्म आणि नातलगांच्या भेटी असतात. उपासाच्या थकव्यात सकाळची लोकल पकडून त्या होत नाहीत.