व्याकरण पक्के असूनही माझे इंग्रजी बोलणे पुस्तकी का वाटते?

आपण विचारले आहे की, व्याकरण बरोबर असते, वर्तमानपत्र न अडखळता वाचता येते, शब्दही कमी पडत नाहीत, तरीही इंग्रजीत बोलू लागले की अर्ज वाचून दाखवत असल्यासारखे वाटते. ते रोजच्या बोलण्यासारखे सहज व्हावे म्हणून काय करावे आणि त्याला किती महिने लागतील. शेवटी आपण हेही लिहिले आहे की, एका प्राध्यापकांनी आपल्याला रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचण्याचा आणि विचारसुद्धा इंग्रजीतच करण्याचा सल्ला दिला आहे. मी उत्तर लिहायला बसले ती मुख्यतः या शेवटच्या वाक्यामुळे. हाच सल्ला मला माझ्या थोरल्या दिरांनी दिला होता, तेही कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असत, आणि त्यावरून आमच्यात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. तो सल्ला चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे शालेय शिक्षण सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळेत झाले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत भेटत असे. ‘डू ॲज डायरेक्टेड’खाली वाक्यातला ‘टू’ काढून टाकणे, ‘नो सूनर’ने वाक्याची सुरुवात करणे, कर्तरीचे कर्मणी करणे, हे सगळे मला बिनचूक येत असे. पुढे औषधनिर्माणशास्त्राची पदवी इंग्रजीतूनच घेतली. लग्नानंतर आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला आलो. आपली फार्मसीची पदवी तिथे थेट चालत नाही. वर्षभराचा वेगळा अभ्यासक्रम, मग वर्षभराचे प्रशिक्षण आणि त्यानंतर नोंदणीची परीक्षा असा तो रस्ता आहे. मुले लहान असल्यामुळे मी तेव्हा तो धरला नाही आणि एका औषधाच्या दुकानात काउंटरवर सहायक म्हणून लागले. औषधांची माहिती गरजेपेक्षा जास्त, व्याकरण पक्के, आणि तरीही पहिल्याच हिवाळ्यात माझ्याविषयी तक्रार आली की, या बाई गिऱ्हाइकांशी तुटकपणे बोलतात.

ब्रिटनमध्ये काउंटरवरून साधे खोकल्याचे औषध देतानाही सहायकाने पाच गोष्टी विचारायच्या असतात: औषध कोणासाठी आहे, त्रास काय होतो, किती दिवसांपासून होतो, त्यावर आतापर्यंत काय केले आणि इतर कोणती औषधे चालू आहेत. मी हे पाचही प्रश्न नेमाने विचारत असे. ‘हू इज द मेडिसिन फॉर? व्हॉट आर द सिम्प्टम्स? फॉर हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस प्रॉब्लेम? प्लीज टेल मी युअर अदर मेडिसिन्स.’ यातल्या एकाही वाक्यात व्याकरणाची चूक काढता येणार नाही, आणि तक्रार करणाऱ्यांनाही ती काढता आली नव्हती. व्यवस्थापकांनी मला आतल्या खोलीत बोलावून जरा हसतमुख राहायला सांगितले. मी हसतमुखाने तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारू लागले, आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही.

माझ्या शेजारच्या गल्ल्यावर एक स्थानिक बाई होत्या. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या आणि यॉर्कशरच्या पद्धतीप्रमाणे ‘आय वॉज’च्या जागी बिनदिक्कत ‘आय वेअर’ म्हणणाऱ्या. आमच्या शाळेत त्या आठवीच्या पुढे गेल्या नसत्या. तेच पाच प्रश्न त्या कसे विचारत ते ऐकावे: ‘इज इट फॉर युअरसेल्फ, लव्ह? ओह, दॅट्स अ नॅस्टी कफ. हॅड इट लाँग, हॅव यू? अँड यू’र नॉट ऑन एनिथिंग एल्स, आर यू?’ (‘लव्ह’ ही तिथे अनोळखी माणसालाही आपुलकीने मारायची हाक आहे.) गिऱ्हाईक स्वतःहून सगळे सांगत असे, वर आभार मानून जात असे. पुष्कळ दिवस मला वाटत राहिले की, हा केवळ गोऱ्या कातडीचा आणि तिथल्या उच्चारांचा फायदा आहे. त्यात काही अंशी तथ्य होतेही, पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नव्हता. नीट कान देऊन ऐकल्यावर माझ्या लक्षात आले की, त्या पुढचा प्रश्न विचारण्याआधी समोरचा जे बोलला ते प्रत्येक वेळी उचलून धरत होत्या, वाक्याचे तोंड कापून ते आखूड करत होत्या, आणि शेवटी ‘हॅव यू’, ‘आर यू’ अशी शेपटी लावून समोरच्याला बोलायला जागा ठेवत होत्या.

आता सांगलीतल्या एखाद्या मेडिकलच्या दुकानात काय बोलले जाते ते आठवावे. ‘तुम्हालाच पाहिजे का? अरे, बराच दिसतोय की खोकला. लई दिवस झाले काय हो? दुसरं काय चालू नाही ना?’ हे ‘की’, ‘हो’ आणि ‘ना’ आपण आईच्या मांडीवर शिकलेलो असतो. तेच काम इंग्रजी आपल्या पद्धतीने करते. मग इंग्रजीत तोंड उघडताच आपण हे सगळे टाकून का देतो? कारण आपल्याला इंग्रजी ‘पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा’ या सूचनेखाली शिकवले गेले. लिहिलेल्या उत्तराला पूर्ण वाक्य शोभते. तोंडी उत्तरात मात्र प्रत्येक वेळी कर्ता, क्रियापद आणि कर्म मांडून ठेवले की ऐकणाऱ्याला आपली उलटतपासणी चालल्यासारखे वाटू लागते. ‘प्लीज टेल मी युअर ॲड्रेस’ हे आपल्याला नम्र वाटते, कारण ‘पत्ता सांगा’ यात ‘सांगा’ या रूपातच आदर असतो. इंग्रजी क्रियापदाला असे आदरार्थी रूप नाही, म्हणून त्यांच्या कानाला नुसते ‘प्लीज’ लावलेली आज्ञा ही आज्ञाच वाटते. दुकानात औषधाची पिशवी हाती देण्याआधी माझ्या शेजारच्या बाई विचारत, ‘कॅन आय जस्ट टेक द फर्स्ट लाइन ऑफ युअर ॲड्रेस?’ मी ते वाक्य जसेच्या तसे उचलले, आणि ते आजही वापरते.

त्याच सुमारास दिरांचा फोन आला. तक्रारीची हकिगत ऐकून त्यांनी निदान केले की, माझा शब्दसंग्रह अपुरा आहे, आणि उपाय म्हणून रोजचा अग्रलेख सांगितला. मी म्हटले, ‘भाऊजी, इथं दिवसभरात कुणी एकदाही नेव्हरदलेस म्हणत नाही.’ त्यावर ते म्हणाले, ‘म्हणूनच त्यांची भाषा बिघडली आहे.’ ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचीच ती बिघडली, असे म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलावे? एखाद्याने केवळ अग्रलेख वाचून मराठी शिकावे आणि सांगलीच्या मंडईत जाऊन ‘प्रस्तुत वांग्यांचा दर आपण कोणत्या निकषावर निश्चित केला आहे?’ असे विचारावे, तसा हा प्रकार आहे. भाजीवाली त्याला वांगी देईल, पण घासाघीस करणार नाही. अग्रलेख वाचू नये असे मी म्हणत नाही. तो विचारासाठी वाचावा. बोलण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

मला उपयोग झाला तो रेडिओचा. बीबीसीच्या रेडिओवर एका काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबांची मालिका १९५१ पासून चालू आहे. एक भाग साधारण तेरा मिनिटांचा असतो. त्यात गाईगुरे, दूध, शेजाऱ्यांची भांडणे आणि चहा एवढेच चालते, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मला त्यातले प्रसंग परके वाटले नाहीत, आणि चित्र नसल्यामुळे कानावाचून दुसरा आधारही नव्हता. मात्र मी बोलणाऱ्याकडे कमी आणि ऐकणाऱ्याकडे जास्त लक्ष देत असे. एकजण म्हणतो, ‘ही रँग यस्टरडे’, दुसरा लगेच म्हणतो, ‘ओह, डिड ही?’ हे ‘डिड ही’, ‘हॅज शी’, ‘आर दे’ योग्य जागी पडू लागले की अर्धे संभाषण आपोआप चालते, कारण पुढचे वाक्य जुळवायला तेवढ्यात सवड मिळते. आपल्याला माझी एकच गोष्ट करून पाहायची असेल तर ही करावी: कोणत्याही मुलाखतीचे किंवा नाटिकेचे एक मिनिट ऐकून ऐकणारा मध्ये मध्ये काय म्हणतो तेवढेच कागदावर उतरवून घ्यावे. दुकानात मी ऐकलेली वाक्ये कागदी पिशवीच्या मागे लिहून ठेवत असे आणि पुढच्या गिऱ्हाइकावर ती वापरून पाहत असे. ‘पिशवी हवी का’ या प्रश्नाला तिथे ‘यू’र ऑल राइट, लव्ह’ असे उत्तर येते, आणि त्याचा अर्थ ‘नको’ असा असतो, जसे आपण ‘राहू द्या’ म्हणतो. असली वाक्ये शब्द सुटे करून समजत नाहीत. ती अख्खीच उचलावी लागतात.

उच्चारांविषयी थोडेच सांगते, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त पैसे खर्च केले जातात. गोऱ्यांसारखा उच्चार कमावण्याच्या शिकवणीला जाऊ नये. माझा उच्चार आजही सांगलीचा आहे आणि त्यामुळे माझे काही अडत नाही. आघात मात्र शिकावा. आपण ‘पॅरासिटामॉल’ची सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हणतो, तिथे सगळा भार ‘सी’वर असतो आणि आजूबाजूचे स्वर गिळले जातात. ‘ओमेप्राझोल’मध्ये भार ‘मे’वर असतो, आणि ‘कम्फर्टेबल’चे तर ‘कम्फ्टबल’ होते. चुकीच्या अक्षरावर जोर दिला तर ओळखीचा शब्दही समोरच्याला कळत नाही. मराठीतला ‘ट’ किंवा ‘र’ मात्र सहज खपून जातो. नवा शब्द शिकताना त्यातले कोणते अक्षर जड आहे तेवढे शब्दकोशात पाहून ठेवावे. त्या अक्षराआधी उभी बारीक खूण दिलेली असते.

इंग्रजीत विचार करण्याच्या सल्ल्याबद्दल तर मला अधिकच राग आहे. दिरांनी तो पुढे वाढवून आम्हाला घरात मराठी बंद करायला सांगितले होते, म्हणजे माझे बोलणे सुधारेल आणि मुलेही मागे पडणार नाहीत. माझ्या यजमानांनी आठवडाभर तसा प्रयत्न केलाही. त्या आठवड्यात आमच्या घरात कामापुरतेच बोलले गेले. मुले इंग्रजी शाळेच्या मैदानावर शिकली, आमच्याकडून नव्हे, आणि आज ती आजीशी फोनवर मराठीत भांडू शकतात. दिरांच्या घरी नियम काटेकोर पाळला गेला. त्यांची मुलगी आजीला ‘हॅलो’ आणि ‘बाय’ यांच्या मध्ये काहीही बोलू शकत नाही. काउंटरवर उभी असताना मी कोणत्या भाषेत विचार करते हे मला आजही सांगता येणार नाही, कारण तिथे विचार करायला वेळच नसतो. जे वाक्य तोंडात बसले आहे तेच बाहेर येते. म्हणून विचार कोणत्या भाषेत चालतो याची चिंता सोडून वाक्ये तोंडात बसवण्याची खटपट करावी. दिरांना हे उत्तर कुणीतरी पाठवील याची मला खात्री आहे. त्यांनी ते अवश्य वाचावे.

किती महिने लागतील, याचे उत्तर महिन्यांत देता येत नाही. रोज किती माणसांना आपल्याशी बोलणे भाग पडते यावर ते अवलंबून असते. माझा अनुभव लीड्समधल्या एका काउंटरचा आहे, हेही ध्यानात घ्यावे. आपण पुण्यातल्या कार्यालयात भारतीय सहकाऱ्यांशीच बोलणार असाल तर ‘डू वन थिंग’ किंवा ‘प्रीपोन’ म्हणायला काहीच हरकत नाही. ते तिथले सहज इंग्रजीच आहे, आणि तिथे कुणाला ‘लव्ह’ म्हणू नये हे वेगळे सांगायला नको. आणि आपली तयारी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी चालली असेल तर माझ्या आखूड वाक्यांच्या सल्ल्याला थोडी मुरड घालावी लागेल. तिथली तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिच्या दुसऱ्या भागात एका मिनिटाच्या तयारीनंतर दोन मिनिटांपर्यंत सलग एकट्याने बोलायचे असते. तिथे परीक्षक मध्ये ‘डिड यू?’ म्हणत नाहीत, त्यामुळे त्या भागाची तयारी घड्याळ लावून वेगळी करावी.