लीन, नम्र आणि दीन : पवित्र शास्त्रातली मराठी

प्रश्न असा आला आहे : चर्चमधल्या मराठीत 'नम्र'पेक्षा 'लीन' जास्त का ऐकू येतो? आणि 'अभिमान हे पाप' असं प्रवचनात सांगतात, मग मुलीच्या यशाचा अभिमान बाळगायचा की नाही?

नव्या कराराच्या (बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या भागाच्या) मूळ ग्रीकमध्ये 'लीन'च्या जागी 'तापेइनोस' हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ सखल, खालचा. ग्रीक समाजात तो बहुतेक वेळा हिणवण्यासाठीच वापरत : क्षुद्र, गुलामाला शोभणारा. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल त्याच शब्दाचं क्रियापद ख्रिस्ताला लावतो. दासाचं स्वरूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं, 'स्वतःला लीन केले'. इथे 'नम्र केले' म्हटलं असतं तर अर्थ पातळ झाला असता. 'नम्र विनंती' आपण सोसायटीच्या सूचनाफलकावरही लिहितो. नम्रपणा बोलण्यावागण्यात दिसतो. 'लीन' मात्र कुणाच्या तरी चरणी असावं लागतं, आणि ती जाण मराठीला संतांच्या अभंगांतून आधीपासून होती. भाषांतरकारांनी आयता तयार शब्द उचलला, आणि बरोबर उचलला.

'दीन' वेगळा. 'जे आत्म्याने दीन ते धन्य' हे येशूचं वचन वाचून डोळ्यांपुढे दीनवाणा चेहरा येतो आणि तिथेच घोटाळा होतो. लाचारी इथे अभिप्रेत नाही. देवापुढे हात रिकामे आहेत हे कळलेला तो दीन. स्वतःला सतत 'मी पामर, मला काय येतंय' म्हणत राहणं म्हणजे लीनता नव्हे. त्यातही बोलण्याचा विषय 'मी'च असतो.

गर्वाची चूक नेमकी कुठे होते ते लूकच्या अठराव्या अध्यायातल्या परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यात फार बारकाईने दिसतं. दोघं मंदिरात प्रार्थनेला येतात : परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, जकातदार म्हणजे लोकांच्या लेखी पापी असलेला करवसुलीदार. परूशी खोटं बोलत नाही. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश. नियमशास्त्रात (मोशेच्या नियमांत) ठरवून दिलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. म्हणजे हा कितीतरी जास्तच करतो. शिवाय सुरुवात देवाचे आभार मानून करतो! बिघडतं ते 'ह्या जकातदारासारखा मी नाही' इथे. माप देवाकडून सरकून शेजाऱ्यावर आलं. जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दया मागतो, बस. नीतिमान ठरून घरी जातो तो.

ख्रिस्ती मठवासी परंपरेने हे आणखी बारीक चाळलं. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियस या संन्याशाच्या यादीत आठ दुर्विचार आहेत. त्यांत पोकळ डौल आणि गर्व हे दोन वेगळे. डौलाला बघणारे लागतात, गर्वाला एकांतही पुरतो. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी गर्व यादीबाहेर काढून सगळ्या पापांचं मूळ म्हणून वर ठेवला. त्याच शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठासाठीच्या नियमावलीचा सातवा अध्याय लीनतेच्या बारा पायऱ्यांचा आहे. पहिली देवाचं भय; खाली झुकलेली मान अगदी शेवटची, बारावी. आपल्याकडे बरेच जण बारावीपासून सुरू करतात.

आता 'अभिमान'. हिंदीत हा शब्द बहुधा घमेंडीकडे झुकतो. हिंदीवरून उतरवलेल्या प्रवचनांत आणि गीतांत तो जसाच्या तसा येतो आणि मराठी माणूस गोंधळतो. मराठीत देशाचा, लेकीचा अभिमान हा चांगलाच अर्थ आहे. वाईटासाठी दुरभिमान, ताठा, गर्व, आढ्यता असे भरपूर शब्द आहेत. खुद्द मराठी पवित्र शास्त्रात गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल वधस्तंभाचा 'अभिमान' बाळगतो. तेव्हा लेकीचा अभिमान खुशाल बाळगा. शेजारणीची मुलगी नापास झाली हे त्याच वाक्यात आलं, तर मात्र शब्द बदलून 'गर्व' लिहा.

'लीनता' शब्दही दर वेळी स्तुतीचा नसतो. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल 'तापेइनोस'पासूनच बनलेला ग्रीक शब्द स्वतःहून ओढवून घेतलेल्या, दिखाऊ धार्मिकतेसाठी वापरतो. अशा जागी नुसतं 'लीनता' न लिहिता 'लीनतेचा आव' लिहिलेलं बरं.