पहिल्यांदाच गाइडसोबत बाइक टूरला निघताय?
मागे पडलात तरी गाडी पळवू नका. गाइड पुढच्या फाट्यावर थांबतो, शेवटी एक अनुभवी रायडर असतो, वाटेत कुणी सुटत नाही. खरी कसोटी घाट उतरताना. ब्रेक सतत दाबून धरला की तापतो आणि लागेनासा होतो. खालचा गिअर टाका, इंजिनच गाडी आवरतं. वेग वळणाआधीच कमी करा आणि नजर वळण सुटतं तिथे ठेवा, दरीकडे अजिबात नको, कारण नजर जिकडे, गाडी तिकडे. किनाऱ्यावर आडवा वारा आला की हँडल आवळू नका, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा. वाळूवर गाडी झुकवू नका. समुद्र बघायचाय ना? थांबून मनसोक्त बघा! मुक्कामी चेन पुसून ल्यूब मारा, खाऱ्या हवेत ती लवकर गंजते.