‘काही नाही गं, सोड’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

(कमी ऐकू येणाऱ्या वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या ताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. तिशीपासून त्या स्वतः दोन्ही कानांना यंत्रं लावतात.)

प्रश्न : माझं वय ६१. दिवाळीत दोन्ही कानांना यंत्रं बसवली. तरी जेवताना सगळे हसतात तेव्हा मला काही कळत नाही. ‘काय झालं?’ विचारलं की मुलगा म्हणतो, ‘काही नाही गं, सोड.’ मग मी गप्प बसते. दवाखान्यात डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघून बोलतात, मी मान हलवते आणि बाहेर आल्यावर कागद घेऊन औषधवाल्याला विचारत बसते. दर वेळी ‘परत सांगा’ म्हणायची लाज वाटते. लोकांना त्रास तरी किती द्यायचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी डॉक्टरांचं घेते. घरातला रुसवा दोन दिवस चालतो, गोळ्यांच्या बाबतीत मान हलवणं एक दिवसही चालत नाही. ‘सकाळी’ आणि ‘संध्याकाळी’ या दोन शब्दांत आपल्या कानांपर्यंत नीट पोचतं ते ‘काळी’. साखर एकशेआठ की एकशेसाठ? एकोणसाठ की एकोणसत्तर? चांगल्या कानांचीही इथे फसगत होते, मग आपली काय कथा.

म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या, डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत सांगायचं : ‘डॉक्टर, मला ओठ बघून समजतं. माझ्याकडे बघून बोला, आणि गोळ्यांच्या वेळा लिहून द्या.’ एवढंच. ‘माफ करा हं, जरा कान कमी आहेत, वय झालं’ हे पुराण लावायचं नाही. ते ऐकून माणूस सहानुभूतीने मान डोलावतो आणि परत कॉम्प्युटरकडे वळतो. निघताना आपण समजलेलं आपल्या तोंडाने म्हणून दाखवायचं : ‘ही सकाळी जेवणाआधी, ही रात्री झोपताना. बरोबर?’ मान हलवली तर चूक लपते, बोलून दाखवलं तर लगेच सापडते. बाहेर नाव पुकारणाऱ्या मुलीलाही आल्या आल्या सांगून ठेवा : ‘मी या समोरच्या बाकावर बसते. माझा नंबर आला की हात कर.’ डॉक्टरांच्या तोंडाला मास्क असेल तर अँड्रॉइड फोनवरचं ‘लाईव्ह ट्रान्स्क्राइब’ हे गुगलचं ॲप उघडून टेबलावर ठेवा. ते मराठी बोलणं लिहून दाखवतं. औषधांच्या नावांचा मात्र ते चक्काचूर करतं, तेव्हा कागदावर लिहून घेणं सोडू नका.

आता घर. ‘सोड’ या शब्दाचा मलाही भारी राग आहे. पण तो कुठून येतो ते बघा. आपण ‘काय?’ विचारतो. समोरच्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, तेही ओरडून, आणि तोवर विनोद थंड झालेला असतो. त्याऐवजी जेवढं निसटलं तेवढंच मागा. ‘रविवारी कोण येणार म्हणालास?’ याला एका शब्दात उत्तर मिळतं, आणि तुम्ही लक्ष देऊन ऐकताय हेही त्याला कळतं. विनोद असेल तर ठणकावून सांगा, ‘मला आत्ता हसायचंय, नंतर नाही.’

आणखी एक गोष्ट घरातल्यांना एकदा बसवून समजावा, कारण यंत्र लावलं म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटतं. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, फ, थ ही त्यातली मंडळी. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. नातवंडांचं बोलणं सगळ्यात अवघड जातं तेही यामुळेच. ओरडल्याने स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजनं परत येत नाहीत, आणि ओरडणाऱ्याचे ओठ वेडेवाकडे होतात ते वेगळंच. ओठांवरही सगळं दिसत नाही. आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतील. क आणि ग तर घशात होतात, ओठांना पत्ताच नसतो. म्हणून एकदा कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने नको, वेगळ्या शब्दांत सांगायचं. हे मुलाला सांगा. माझ्या यजमानांना हे पटल्यावर आमच्या घरातले निम्मे वाद संपले. उरलेल्या निम्म्यांचा कानांशी संबंध नव्हता.

शिवाय अंतर. समोरासमोर, तीन-चार फुटांवर यंत्र चांगलं काम देतं. हॉलमधून स्वयंपाकघरात हाक मारली, इकडे नळ, मिक्सर आणि एक्झॉस्ट चालू, तर महागातलं यंत्रही हेच आवाज मोठे करून कानात ओतणार. त्यामुळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलणं बंद. ज्याला बोलायचंय त्याने उठून यायचं. जेवताना तुमची जागा भिंतीला पाठ लावून, आणि उजेड बोलणाऱ्यांच्या तोंडावर पडेल अशी. टीव्हीचा आवाज बंद.

पण हे सगळं एकाच संध्याकाळी मागू नका, घरात फतवा निघाल्यासारखं होतं. टीव्हीपासून सुरुवात करा. ते अंगवळणी पडलं की पुढचं. आणि ते विसरतील. प्रेम कमी म्हणून नाही, तुमची अडचण डोळ्यांना दिसत नाही म्हणून. विसरले की परत सांगायचं, त्याच आवाजात, ‘कितीदा सांगू’ न म्हणता. हे मला जमायला सगळ्यात वेळ लागला.

त्रासाचं म्हणाल, तर कोणाला कोथिंबीर चालत नाही, कोणाला पोळी मऊच लागते, हे तुम्ही इतकी वर्षं लक्षात ठेवलंत ना? त्याला घरात कोणी त्रास म्हटलं नाही.

बँकेत माझ्या काउंटरवर मी एक पाटी ठेवत असे : ‘कृपया माझ्याकडे बघून, सावकाश बोला.’ ‘मला कमी ऐकू येतं’ असं त्यावर मुद्दाम लिहिलं नव्हतं. ते वाचलं की गिऱ्हाईक हमखास आवाज चढवतं आणि आपली शिल्लक सगळ्या शाखेला ऐकवतं. काय करायचं ते सांगितलं की बहुतेक लोक मुकाट करतात. एक आजोबा मात्र शेवटपर्यंत पाटीकडेच बघून बोलायचे.

प्रश्न : वय २८, आयटीत आहे. लहानपणी गालगुंड झालं त्यात उजवा कान पूर्ण गेला, डावा उत्तम. ऑफिसात उजवीकडून कोणी बोललं तर कळत नाही, लोकांना मी शिष्ट वाटतो. सांगितलं तर अप्रेजलवर परिणाम होईल का? सर्टिफिकेट लागेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : माझा भाचा तुझ्याच वयाचा, म्हणून ‘तू’च म्हणते. शिष्ट म्हणून नाव पडणं हे अप्रेजलला जास्त घातक. एक कान गेला की आवाज कुठल्या दिशेने आला तेही कळत नाही आणि गोंगाटात शब्द वेगळे काढता येत नाहीत. हे समोरच्याला कसं कळावं? टीमला दोन वाक्यांत सांगून टाक : ‘मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. डावीकडून बोला, नाहीतर खांद्याला हात लावा.’ चेहरा पाडून सांगितलंस तर तेही चेहरा पाडतील, चहा पिता पिता सांग.

जागा बदलून माग. उजवी बाजू भिंतीकडे येईल असा कोपरा हवा, मीटिंगमध्येही टेबलाचं उजवं टोक. आधी मॅनेजरशी बोल आणि त्याच दिवशी ‘आपलं ठरल्याप्रमाणे’ म्हणून दोन ओळींचा मेल टाक. मॅनेजर बदलतात, मेल राहतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅप्शन चालू ठेव, मात्र आपल्या मराठी-हिंदी-इंग्रजी खिचडीपुढे कॅप्शनही हात टेकतं, म्हणून एका वेळी एकानेच बोलावं हा आग्रह धर.

सर्टिफिकेटचं : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असलेली, तेव्हा एका कानाच्या जोरावर त्या व्याख्येत तू बसत नाहीस. पण खुर्ची हलवायला सर्टिफिकेट कशाला? त्याच कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या कंपनीचं एकदा वाचून ठेव. मागताना कलम दाखवू नकोस, नकार आला तर उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलगा सहावीत, यंत्र लावतो. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात. दर वर्षी जूनमध्ये मीच प्रत्येक शिक्षकांना भेटते. अजून किती वर्षं?
— एक आई, सांगली

उत्तर : या जूनपासून त्याला सोबत न्या आणि बोलायला त्यालाच लावा. ‘बाई, तुम्ही फळ्याकडे वळलात की मला ऐकू येत नाही. लिहून झाल्यावर सांगाल का?’ हे त्याने म्हणायचं, तुम्ही शेजारी गप्प उभं राहायचं. ते गप्प राहणं तुम्हाला फार जड जाईल. आधी सराव किराणा दुकानात करू द्या : ‘काका, किती झाले? परत सांगा.’ तिथे तो अडखळला तर पैसे तुम्ही पुढे करू नका. काका थांबतील.