हाफ मॅरेथॉन 1:55 ची आहे, तर गोव्याच्या 70.3 मध्ये धावण्याचं लक्ष्य किती ठेवू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुमची हाफ मॅरेथॉन 1 तास 55 मिनिटांत होते, गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि शेवटी हाफ मॅरेथॉनएवढीच धाव; सगळं मिळून 70.3 मैल, म्हणून तिला 70.3 म्हणतात) पहिल्यांदाच करताय आणि त्यातली धाव 2 तासांत बसवायचा विचार आहे. मी स्वतः तिथे धावले आहे आणि आमच्या ग्रुपमधल्या नवख्यांचा सराव घेते, म्हणून स्पष्टच सांगते: 2 तासांचा नाद सोडा. 2:15 ते 2:20 धरून चला. खट्टू होऊ नका, आधी हा आकडा येतो कुठून ते बघा.

1:55 म्हणजे किलोमीटरला साधारण 5:27. हा वेग ताज्या पायांचा आणि पहाटेच्या गारव्यातला. 1.9 किलोमीटर पोहून आणि 90 किलोमीटर सायकल मारून उतरल्यावर उत्तम तयारीच्या हौशी माणसालाही स्वतःच्या वेळेवर दहा टक्के वाढवावे लागतात. पहिल्या खेपेला पंधरा-वीस धरावेत. दहा टक्क्यांनी 2:06 होतात, वीस टक्क्यांनी 2:18.

आणि हा हिशेब अजून उन्हात उतरलेला नाही. स्पर्धा सकाळी सातच्या सुमारास सुरू होते. पन्नासेक मिनिटं पोहणं, मग कपडे-बूट, मग साडेतीन तासांच्या आतबाहेर सायकल. म्हणजे तुम्ही मिरामारला धावायला लागाल तेव्हा अकरा वाजून गेलेले असतील. घाम वाळला तरच अंग थंड होतं, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. शरीर अंग थंड ठेवण्यासाठी जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, त्यामुळे पायांना तेवढंच रक्त पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. पुण्यात 5:40 च्या वेगाला ठोके 150 राहत असतील, तर तिथे त्याच वेगाला ते सहज 165 वर जातील. त्यात दोनापावल्याकडचा चढ दर फेरीत समोर येतो. म्हणून निव्वळ वेगाचं लक्ष्य तिथे टिकत नाही. ठोक्यांची मर्यादा ठरवा आणि त्यात जो वेग बसेल तो घ्या.

आता मुख्य गोष्ट. धाव कशी होणार हे सायकलवरच ठरतं. हवाईच्या कोना इथे 2024 च्या पूर्ण आयर्नमॅनच्या (सगळी अंतरं दुप्पट) जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सॅम लेडलोने 180 किलोमीटर सायकल 3 तास 57 मिनिटांत मारून तिथला विक्रम मोडला. पुढे मॅरेथॉनमध्ये तो ढेपाळला आणि पहिल्या दहातही आला नाही. जिंकला पॅट्रिक लांगे, ज्याने मॅरेथॉन 2 तास 37 मिनिटांत काढली. जगातल्या अव्वल माणसाची ही गत, तर आपण सायकलवर पाच मिनिटं वाचवायला जाऊन धावताना पंचवीस गमावणं अगदी शक्य आहे. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र) असेल तर एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त जोराच्या, 75 टक्क्यांच्या वर जाऊ नका. नसेल तर शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, एवढाच जोर. तासाला 60 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, आणि ते सायकलवरच, कारण धावायला लागल्यावर पोट फारसं काही घेत नाही. एनर्जी जेल कोणते हे सरावातच ठरवा. शेवटची दहा मिनिटं हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवा.

स्पर्धेआधीच्या आठ आठवड्यांत निदान तीन मोठे ब्रिक करा: 70-80 किलोमीटर सायकल स्पर्धेच्याच जोराने, उतरल्या उतरल्या 8-10 किलोमीटर धाव. आणि कृपा करून हे पहाटे साडेपाचला उरकू नका. नऊला निघा, म्हणजे धावताना ऊन डोक्यावर येईल. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेव्हा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सोप्या धावा दुपारच्या ठेवा. ब्रिकमधल्या शेवटच्या पाच किलोमीटरचा वेग हाच तुमचा खरा आकडा. तो 6:30 असेल तर लक्ष्य 2:17. तो 6:10 निघाला तर 2:10 चा विचार करायला माझी हरकत नाही.

धावायला लागल्यावर पहिल्या दोन किलोमीटरला सांभाळा. तीन-साडेतीन तास सायकलच्या वेगाची सवय झालेली असते, त्यामुळे घड्याळ 5:20 दाखवत असतं आणि आपल्याला वाटतं आपण रमतगमत चाललोय. तिथे मुद्दाम 6:45 वर या. मग पहिली फेरी 6:30 च्या आसपास. दुसऱ्या फेरीत वेग वाढवायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. दमदार असाल तर जोर तिसऱ्या फेरीत, चढ उतरून आल्यावर लावा.

प्रत्येक एड स्टेशनवर वीस-तीस सेकंद चालायचं, हे आधीच ठरवून टाका. नाइलाजाने चालणं आणि ठरवून चालणं यात फार फरक पडतो. पाणी, इलेक्ट्रोलाइट, टोपीत बर्फ, मानेवर ओला स्पंज. डोक्यावर पाणी ओतताना पुढे वाका, नाहीतर ते पाठीवरून थेट बुटांत उतरतं आणि पंधराव्या किलोमीटरला तळव्याला फोड आलेले असतात.

एकूण वेळ मांडली तर पोहणं 50 मिनिटं, मधले दोन बदल 12, सायकल 3:25, धाव 2:18, म्हणजे पावणेसात तास. कटऑफ (शर्यत संपवायची कमाल वेळ) साडेआठ तासांचा आहे, त्यामुळे घाई करायचं काहीच कारण नाही. सायकलची तुमची सरासरी तुम्ही लिहिलेली नाही. तेवढी आणि पहिल्या ब्रिकमधल्या ठोक्यांची नोंद कमेंटमध्ये टाका, मी आकडे पुन्हा मांडून देते.