जुन्या मारुतीचा हीटर कसा साफ करायचा?

प्रश्न : बाबांची जुनी एसीवाली मारुती ८०० आहे, थंडीत महाबळेश्वरला न्यायची म्हणून डॅशबोर्ड उघडून हीटर काढलाय. आत उंदराचं घरटं निघालं आणि हीटरच्या कॉइलच्या (ज्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरतं ती जाळी) पाइपातून चॉकलेटी चिखल येतोय. गॅरेजवाला म्हणतो टॉयलेट साफ करायचं ऍसिड ओत, पाच मिनिटात मोकळं होईल. ओतू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नको. कॉइल ऍल्युमिनियमची असेल तर ते ऍसिड क्षारासोबत धातूही खाणार, आणि कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट. तो चिखल म्हणजे गंज आणि बोअरच्या पाण्यातला क्षार, बरीच वर्षं कुलंटऐवजी (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात ते द्रव) बोअरचं किंवा नळाचं नुसतं पाणी भरलं की हेच होतं, त्यात कुणी गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकली असेल (आपल्याकडचा फेमस जुगाड!) तर ती पण इथेच येऊन बसते कारण कॉइलच्या नळ्या सगळ्यात बारीक.

आधी घरटं, पालापाचोळा काढा, पण मास्क आणि ग्लोव्हज घालून, उंदराची घाण कोरडी झाडू नका, साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा. मग कॉइलमध्ये बागेच्या पाइपने उलटं पाणी सोडा, म्हणजे ज्या तोंडातून कुलंट बाहेर पडतं तिथून, आणि प्रेशर हलकं ठेवा, वॉशिंग सेंटरचा जेट लावलात तर जुने जोड सुटतील. अजून चोक वाटलं तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व, अर्धा तास भरून ठेवा, ओता, परत भरा. ऍल्युमिनियम असेल तर दहाच मिनिटं. शेवटी भरपूर साधं पाणी.

आता टेस्ट, ही टाळूच नका. एक तोंड बूच लावून बंद, दुसऱ्यात सायकलच्या पंपाने जरा हवा, साधारण १ बार, आणि कॉइल बादलीत बुडवा. बुडबुडे दिसले तर नवीन घ्या, नाहीतर डॅशबोर्ड परत उघडायची वेळ येईल आणि गरम कुलंट पायावर येईल ते वेगळंच.

बसवताना कडेचा फोम नवीन चिकटवा, जुना भुगा झालेला असतो आणि हवा कॉइलला बगल देऊन थंडच येते. होज आणि क्लॅम्प पण नवीन, आणि इंजिन-रेडिएटर आधी फ्लश करा, नाहीतर तिथला चिखल परत कॉइलमध्ये.

अजून एक, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे ना बघा. "आपल्याकडे गरज नाही" म्हणून तो काढून फेकणारे मेकॅनिक खूप आहेत, मग इंजिन नीट तापत नाही आणि हीटर कितीही धुतला तरी कोमटच.

शेवटी कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हीटरचा लिव्हर फुल गरमवर ठेवून भरा, गाडीचं नाक चढावर असलं की हवा लवकर निघते. इंजिन थंड झाल्यावर लेव्हल परत बघा. आणि सांडलेलं कुलंट लगेच पुसा, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात.